कॉर्नरबॅक आणि वाचलेला अकरावा माणूस

२५ जानेवारी २०१० रोजी मध्यरात्र उलटून दीड तास झाला होता. मी कोथरूडच्या घरी बाहेरच्या खोलीत शाल गुंडाळून बसलो होतो, आणि न्यू जर्सीत राहणाऱ्या माझ्या भाच्याने लॅपटॉपचा कॅमेरा आपल्या टीव्हीकडे वळवून ठेवल्यामुळे न्यू यॉर्क जेट्स आणि इंडियानापोलिस कोल्ट्स यांच्यातला, एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगच्या दोन गटांपैकी एएफसी गटाचा अंतिम सामना मला स्काइपवर थोडा धूसर आणि थोडा अडखळत दिसत होता. चेंडू तर मला दिसतच नव्हता. तशी तक्रार केल्यावर भाचा म्हणाला, "मामा, तू चेंडू बघूच नकोस. पांढऱ्या जर्सीतला चोवीस नंबर बघ, अगदी काठावर उभा असतो तो." अमेरिकन फुटबॉल पाहण्याविषयी मला मिळालेली ही पहिली सूचना आणि आजवरची सर्वांत उपयोगी सूचनाही हीच.

तो चोवीस नंबर म्हणजे डॅरेल रिव्हिस. त्या मोसमात तो अमेरिकेतला सर्वांत अभेद्य कॉर्नरबॅक मानला जात होता, आणि तो ज्याच्यासमोर उभा राहील त्या रिसीव्हरला, म्हणजे पास झेलायला धावणाऱ्या खेळाडूला, एखाद्या निर्जन बेटावर नेऊन सोडल्यासारखे वाटते, म्हणून लोकांनी त्या जागेला 'रिव्हिस आयलंड' असे नाव दिले होते. त्या रात्री त्याच्यासमोर कोल्ट्सचा पहिल्या क्रमांकाचा रिसीव्हर रेजी वेन होता. संपूर्ण सामन्यात वेनला तीन झेल आणि ५५ यार्ड मिळाले. म्हणजे नेमून दिलेले काम रिव्हिसने चोख पार पाडले, आणि तरीही जेट्स ३०-१७ असे हरले. प्लेऑफमध्ये, म्हणजे मोसमाअखेरच्या बाद फेरीत, हरलेला संघ घरी जातो, दुसरी संधी नसते. तेव्हा एवढा मोठा खेळाडू आपल्या बाजूचा रस्ता बंद करूनही संघाला का वाचवू शकला नाही, हा प्रश्न त्या रात्रीपासून माझ्या डोक्यात राहिला.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी या जागेविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. मैदानाची रुंदी सुमारे ५३ यार्ड असते आणि कॉर्नरबॅक तिच्या दोन टोकांना, धावत सुटणाऱ्या रिसीव्हरच्या समोर उभा असतो. कोठे वळायचे, कोठे थांबायचे हे रिसीव्हरला आधीच ठाऊक असते. कॉर्नरबॅकला ते ठाऊक नसते. त्याला पहिली काही पावले उलटे धावत, समोरच्याच्या कमरेकडे पाहत, अंदाज बांधावा लागतो. त्यातच नियम रिसीव्हरच्या बाजूने झुकलेले आहेत. १९७८ पासून पाच यार्डांच्या पुढे रिसीव्हरला ढकलता येत नाही. हा नियम पुढे बराच ढिला पडला होता. जानेवारी २००४ मध्ये न्यू इंग्लंड पेट्रियट्सने कोल्ट्सला एएफसी अंतिम सामन्यात २४-१४ असे हरवले आणि टाय लॉ या कॉर्नरबॅकने कोल्ट्सचा क्वार्टरबॅक (पास टाकणारा खेळाडू) पेटन मॅनिंग याचे तीन पास हिसकावले, त्यानंतरच्या मोसमापासून पंचांनी तो पुन्हा कडकपणे राबवायला सुरुवात केली. चेंडू हवेत असताना रिसीव्हरला अडथळा केला, तर चेंडू थेट त्या जागी नेऊन ठेवतात. म्हणजे चाळीस यार्डांवर केलेली एक चूक चाळीस यार्डांना पडते. इतक्या अडचणींत एका माणसाने दुसऱ्याला एकट्याने रोखणे ही दुर्मीळ गोष्ट आहे, आणि म्हणूनच ती ज्याला जमते त्याच्यावर संघ पाण्यासारखा पैसा ओततात.

मी शाळेत असताना आमच्या मंडळाच्या कबड्डी संघात डाव्या कोपऱ्यावर उभा राहत असे. फार चांगला नव्हतो. उजव्या कोपऱ्यावरचा आमचा मित्र मात्र असा होता की त्याच्या पकडीत पाय गेला की चढाईपटू परत जात नसे, आणि त्याचा परिणाम असा व्हायचा की प्रतिस्पर्धी चढाईपटू त्याच्या बाजूला फिरकतच नसत. ते सगळे माझ्याकडे येत. संघ हरला की गुण कोणाच्या बाजूने गेले हे सगळ्यांना दिसायचे. मित्राच्या बाजूने न गेलेले गुण कोणालाच दिसत नसत, आणि माझ्याकडे इतकी गर्दी का झाली हे विचारायचे तर कोणाला सुचतच नसे. २०१० च्या त्या रात्री कोल्ट्सचे बाकीचे रिसीव्हर ज्यांच्या वाट्याला आले, त्या जेट्सच्या इतर बचावपटूंविषयी मला जी सहानुभूती वाटली तिचे मूळ यात आहे, हे मी आधीच कबूल करून ठेवतो.

आता मुख्य मुद्दा, आणि तो हिशेबाचा आहे. पास टाकायच्या खेळात आक्रमक संघाचा एक क्वार्टरबॅक असतो, त्याचे रक्षण करणारे पाच धिप्पाड खेळाडू असतात आणि पास झेलू शकतील असे पाच जण असतात. बचावाकडेही अकराच माणसे. समजा, त्यांतली चार क्वार्टरबॅकच्या अंगावर धावून गेली, तर पाच जणांना झाकायला सात उरतात, म्हणजे दोन माणसे जास्तीची. या दोनांपैकी एक जण, बहुधा मागे उभा असलेला सेफ्टी, प्रतिपक्षाच्या सर्वोत्तम रिसीव्हरकडे झुकलेला असतो, कारण त्याच्यावर एकच माणूस सोडणे धोक्याचे असते. आता तुमच्याकडे रिव्हिस असेल तर तो सेफ्टी तिकडे झुकण्याची गरजच उरत नाही. एक माणूस वाचतो. उत्तम कॉर्नरबॅकची खरी कमाई हा वाचलेला माणूस आहे, असे माझे मत आहे. रिसीव्हरला मिळालेले तीन झेल ही तिची केवळ पावती आहे. आणि प्लेऑफमध्ये संघाचे काय होते हे कॉर्नरबॅकपेक्षाही, प्रशिक्षक तो वाचलेला माणूस कोठे खर्च करतो यावर अवलंबून असते.

जेट्सचे प्रशिक्षक रेक्स रायन यांनी २००९ च्या मोसमात तो प्रामुख्याने हल्ल्यावर खर्च केला. चारऐवजी पाच-सहा माणसे क्वार्टरबॅकवर सोडायची, ती कोठून येतील ते लपवायचे आणि पास टाकायला वेळच द्यायचा नाही, ही त्यांची पद्धत. तिला ब्लिट्झ म्हणतात. रिव्हिस असल्यामुळे ती परवडत होती. त्या मोसमात सोळा सामन्यांत जेट्सने केवळ २३६ गुण दिले, जे संपूर्ण लीगमध्ये सर्वांत कमी होते, आणि हा बचाव घेऊनच नऊ विजय व सात पराभव अशा जेमतेम कामगिरीचा संघ प्लेऑफमध्ये सिनसिनाटीला २४-१४ आणि सॅन दिएगोला १७-१४ असे, दोघांच्याही घरी जाऊन, हरवून आला. सॅन दिएगोत रिव्हिसने हिसकावलेला चेंडू व्हिन्सेंट जॅक्सनच्या पायावर आपटून वर उडाला होता; नशीबही बाजूने होते, असे म्हणायला हरकत नाही.

पुढच्या आठवड्यात गाठ पडली ती मॅनिंगशी. समोरच्या माणसांच्या उभे राहण्यावरून हल्ला कोठून येणार हे ओळखण्यात त्याचा हात धरणारा त्या काळी फारसा कोणी नव्हता. त्याने वेनकडे पाहण्याचा हट्ट धरलाच नाही. दुसऱ्या टोकाला पियेर गार्सोन आणि मध्ये, फटीतून पळणारा नवखा ऑस्टिन कॉली, या दोघांकडे तो पुन्हापुन्हा वळला. मध्यंतराआधी जेट्स १७-६ ने पुढे होते आणि भाचा घरात नाचत होता (कॅमेरा हलल्यावरून मला ते समजले), तेवढ्यात कॉलीने १८, ४६ आणि १६ यार्डांचे तीन झेल घेऊन ऐंशी यार्ड पार केले आणि गुणफलक १७-१३ झाला. दुसऱ्या अर्धात जेट्सला एकही गुण मिळाला नाही. सामना संपला तेव्हा मॅनिंगच्या नावावर ३७७ यार्ड होते. त्यांपैकी गार्सोनचे ११ झेलांत १५१ आणि कॉलीचे सात झेलांत १२३. पहिल्या क्रमांकाच्या रिसीव्हरला बेटावर सोडले होते, परंतु किनारपट्टी उरलेलीच होती.

या सामन्याचा अर्थ अनेकांनी तेव्हा असा लावला की एकटा कॉर्नरबॅक काही करू शकत नाही. मला तो अर्थ पटला नाही आणि आजही पटत नाही. वेनला रोखण्यासाठी जर दोन माणसे लागली असती, तर गार्सोन आणि कॉलीला किती मिळाले असते याचा विचार कोणी केला नाही. चूक वाचलेल्या माणसाच्या वापरात होती. जो क्वार्टरबॅक हल्ला आधीच ओळखतो आणि चेंडू चटकन हातावेगळा करतो, त्याच्यावर जास्तीचा माणूस सोडणे म्हणजे तो माणूस वाया घालवणे.

रायन यांना ते उमगले असावे, कारण पुढच्या वर्षीच्या प्लेऑफमध्ये, ८ जानेवारी २०११ रोजी, त्याच मैदानावर, त्याच मॅनिंगसमोर त्यांचा बचाव ओळखू येणार नाही इतका बदलला होता. मधल्या काळात जेट्सने सॅन दिएगोकडून अंतोनियो क्रोमार्टी हा दुसरा नावाजलेला कॉर्नरबॅक आणला होता. त्या दिवशी रायन यांनी ब्लिट्झ आवरता घेतला, जास्तीत जास्त माणसे मागे ठेवली आणि मॅनिंगला पाहायला रिकामी जागाच ठेवली नाही. रेजी वेनला संपूर्ण सामन्यात एक झेल मिळाला आणि त्यात त्याने कमावला एक यार्ड. गार्सोनने ५७ यार्डांचा एक टचडाउन केला खरा (म्हणजे चेंडू प्रतिपक्षाच्या शेवटच्या रेषेपलीकडे नेला), पण मॅनिंगची बेरीज २२५ यार्डांवर थांबली आणि जेट्सने शेवटच्या क्षणी निक फोकच्या ३२ यार्डांच्या किकवर सामना १७-१६ असा जिंकला. प्रामाणिकपणे हेही सांगितले पाहिजे की कॉली आणि पास झेलणारा आणखी एक खेळाडू डॅलस क्लार्क हे दोघेही त्या दिवशी जायबंदी असल्यामुळे खेळत नव्हते, म्हणजे पळायच्या वाटा आधीच कमी झाल्या होत्या. परंतु आठवडाभराने, ज्या पेट्रियट्सनी डिसेंबरमध्ये जेट्सला ४५-३ असे धुतले होते त्यांच्याच मैदानावर हाच संघ २८-२१ असा जिंकला, आणि त्यांचा क्वार्टरबॅक टॉम ब्रेडी याला चेंडू कोणाकडे टाकावा हे न सुचल्यामुळे तो पाच वेळा चेंडू हातात असतानाच पाडला गेला. येथे कबड्डीची आठवण पुन्हा होते. कोपऱ्याने पाय धरला तरी मध्यरक्षकाने धावत येऊन चढाईपटूला झाकल्याशिवाय पकड पुरी होत नाही; मागे रिसीव्हर झाकले गेले म्हणून पुढच्या बचावपटूंना ब्रेडीपर्यंत पोहोचायला वेळ मिळाला.

त्यानंतरचा सामना पिट्सबर्गमध्ये झाला आणि तो जेट्स २४-१९ असा हरले. त्या पराभवात रिव्हिसचा संबंध जवळजवळ नव्हताच. पिट्सबर्गने चेंडू रशार्ड मेंडेनहॉलच्या हातात देऊन त्याला धावायला लावले आणि त्याने १२१ यार्ड काढले. चेंडू हवेत गेलाच नाही तर कॉर्नरबॅक काय करणार? हीच कहाणी अलीकडे पॅट्रिक सर्टेनच्या वाट्याला आली. डेन्व्हर ब्रॉन्कोजचा हा कॉर्नरबॅक २०२४ च्या मोसमात लीगचा सर्वोत्तम बचावपटू ठरला. २०१९ च्या स्टीफन गिलमोरनंतर तो मान मिळवणारा तो पहिलाच कॉर्नरबॅक. पण जानेवारी २०२५ मध्ये प्लेऑफच्या पहिल्याच सामन्यात बफेलोने ब्रॉन्कोजला ३१-७ असे हरवले, आणि तेही प्रामुख्याने पायांवर, २१० यार्ड धावून. सर्टेनवर टीका करणाऱ्यांनी त्या दिवशी चेंडू कोणत्या वाटेने गेला एवढे पाहिले असते तरी पुरे होते.

आपल्याकडचे उदाहरण द्यायचे तर पुणेरी पलटणने प्रो कबड्डीच्या दहाव्या हंगामासाठी मोहम्मदरेझा शादलू या इराणी डाव्या कोपरारक्षकाला २.३५ कोटी रुपयांना घेतले आणि १ मार्च २०२४ रोजी हैदराबादेत हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरवून विजेतेपदही मिळवले. परंतु त्याचे श्रेय एकट्या कोपऱ्याला देणारा माणूस मला पुण्यात अजून भेटलेला नाही, कारण अस्लम इनामदारच्या त्या संघात सातही जण एकमेकांच्या हिशेबात बसलेले होते.

वाचलेल्या माणसाचा हिशेब सर्वांत थंड डोक्याने मांडणारा प्रशिक्षक म्हणजे पेट्रियट्सचे तेव्हाचे प्रशिक्षक बिल बेलिचिक. २०१४ मध्ये रिव्हिस त्यांच्याकडे एका मोसमासाठी आला, आणि त्यांनी त्याला वापरले ते सर्वसामान्य समजुतीच्या अगदी उलट. सर्वोत्तम रिसीव्हरसमोर सर्वोत्तम कॉर्नरबॅक उभा करायचा, ही साधी रीत. बेलिचिक अनेकदा प्रतिपक्षाच्या पहिल्या क्रमांकाच्या रिसीव्हरवर साधा कॉर्नरबॅक आणि त्याच्या मदतीला सेफ्टी, अशी दोन माणसे लावत आणि रिव्हिसला दुसऱ्या कोणाला तरी एकट्याने पुरते मिटवून टाकायला सांगत. त्या वर्षी कोल्ट्सच्या चपळ टी. वाय. हिल्टनच्या मागे त्यांनी कायल ॲरिंग्टनला लावले आणि पाठीशी सेफ्टी ठेवला. जानेवारी २०१५ च्या एएफसी अंतिम सामन्यात हिल्टनला एकच झेल मिळाला आणि पेट्रियट्स ४५-७ असे जिंकले. अशा रीतीने एक रिसीव्हर दोघांनी झाकला, दुसरा रिव्हिसने, आणि क्वार्टरबॅकला उरले ते तिसरे-चौथे पर्याय.

याच बेलिचिक यांच्या हाताखाली गिलमोरने ३ फेब्रुवारी २०१९ च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, जे केले ते हल्ला आणि झाकणी यांचे नाते समजावून सांगायला पुरेसे आहे. सव्वाचार मिनिटे उरली होती, लॉस एंजेलिस रॅम्स ३-१० असे मागे होते आणि टचडाउनपासून २७ यार्डांवर आले होते. पेट्रियट्सनी मागे एकही सेफ्टी न ठेवता हल्ला चढवला. याला झीरो ब्लिट्झ म्हणतात आणि ज्याचा कॉर्नरबॅकवर पूर्ण विश्वास आहे तोच प्रशिक्षक तो करू धजतो, कारण एक जरी रिसीव्हर निसटला तरी मागे कोणी नसते. रॅम्सचा क्वार्टरबॅक जॅरेड गॉफ याने अंगावर माणूस येताना पाहून चेंडू घाईने उंच फेकला आणि गिलमोरने तो चार यार्डांच्या रेषेवर अलगद झेलला. पेट्रियट्स १३-३ ने जिंकले. मॅनिंगसमोर वाया गेलेला तोच जास्तीचा माणूस गॉफसमोर कामी आला.

पण माझा सर्वांत आवडता प्रसंग १ फेब्रुवारी २०१५ च्या सुपर बोलमधला आहे, आणि त्यात चोवीस नंबर चेंडूच्या जवळपासही नाही. सिॲटल सीहॉक्ससमोरच्या त्या सामन्यात रिव्हिसची बाजू फारशी कोणी तपासली नाही. त्याच्या वाटचा डग बॉल्डविन एकदाच सुटला, पंचाच्या आडोशाचा फायदा घेऊन, आणि त्यावर तीन यार्डांचा टचडाउन झाला. तेवढा डाग त्याच्या नावावर आहे. बाकी सारा भार पडला तो इतरांवर. ज्याने त्यापूर्वी या लीगमध्ये एकही झेल घेतला नव्हता अशा ख्रिस मॅथ्यूज या उंचपुऱ्या रिसीव्हरने ॲरिंग्टन आणि इतरांच्या डोक्यावरून चेंडू उचलत चार झेलांत १०९ यार्ड काढले. मला डावा कोपरा आठवला. बेलिचिक यांनी मग सहा फूट चार इंचांचा ब्रँडन ब्राउनर मॅथ्यूजवर लावला, ॲरिंग्टनला बसवले आणि त्याच्या जागी ज्याला ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवोदितांच्या वार्षिक निवडीत, कोणीही निवडले नव्हते असा माल्कम बटलर हा पहिल्याच वर्षाचा खेळाडू आत आला. शेवटी पेट्रियट्स २८-२४ ने पुढे असताना सिॲटल एका यार्डावर येऊन ठेपले. सगळ्यांची अपेक्षा होती की चेंडू घेऊन धावण्यात तरबेज असलेल्या मार्शन लिंचच्या हातात तो जाईल. तसे न होता पास टाकला गेला, ब्राउनरने पुढच्या रिसीव्हरला जागच्या जागी थोपवून धरले आणि मागून धावत आलेल्या बटलरने रिकार्डो लॉकेटच्या आधी तेथे पोहोचून चेंडू हिसकावला. वीस सेकंद उरली होती.

टीव्हीवर कॅमेरा चेंडूच्या मागे जातो, म्हणून काठावर उभी असलेली माणसे चौकटीबाहेर राहतात. प्रशिक्षक पाहतात त्या चित्रणात मात्र बावीसच्या बावीस खेळाडू दिसतात आणि २०१२ पासून ते पैसे भरणाऱ्या प्रेक्षकांनाही पाहता येते. पुढे भाचा दिवाळीला पुण्यात आला होता तेव्हा आम्ही दोघांनी जेवणे झाल्यावर त्या सुपर बोलचे ते चित्रण लावले. शेवटचा खेळ आला तसा त्याने पडदा थांबवला आणि काही न बोलता दुसऱ्या टोकाला बोट ठेवले. तेथे चोवीस नंबर बॉल्डविनसमोर उभा होता. आम्ही तो खेळ चार वेळा मागे नेऊन पाहिला. चेंडू सिॲटलचा क्वार्टरबॅक रसेल विल्सन याच्या हातातून सुटतो त्या क्षणी रिव्हिस बॉल्डविनला चिकटलेलाच असतो, आणि बटलर चेंडू घेऊन पडेपर्यंत तिकडे कोणीही पाहत नाही.